छत्तीसचा आकडा: एका हॉलमधल्या दोन नियंत्रकांचं प्रकरण

सर्व्हरचा एक बंद हॉल. आत साधारण हजार घनमीटर हवा आणि दोन टोकांना दोन वातानुकूलन यंत्रं. त्यांना अ आणि ब म्हणू. दोन्ही एकाच बनावटीची. प्रत्येकात हवा थंड करणारी कॉइल, पाणी उकळून वाफ सोडणारा ह्युमिडिफायर आणि हवा फार गार झाली तर पुन्हा तापवणारा हीटर. दोघांना हुकूमही एकच: तुमच्याकडे परत येणाऱ्या हवेची सापेक्ष आर्द्रता ४८ टक्के ठेवा, दोन टक्के इकडेतिकडे चालेल. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर हॉलच्या सरासरी आर्द्रतेचा आलेख पट्टीने आखल्यासारखा सरळ दिसायचा. अलार्म नाही, तक्रार नाही. (आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून गोल केले आहेत. प्रकार मात्र असा हॉल सांभाळणारा कोणीही ओळखेल.)

एके दिवशी देखभालीसाठी अ बंद केलं. पंधरा मिनिटांत सरासरी आर्द्रता ४८ वरून ५४ वर गेली. पहिला अंदाज असा की एक यंत्र बंद, म्हणजे थंडावा कमी पडला. पण थंडावा कमी पडला तर हवा तापते, आणि तापलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता वाढत नाही, घटते. म्हणजे हवेत खरोखरचं नवं पाणी आलं होतं. सर्व्हरला घाम येत नाही, दारं बंद होती. मग पाणी आलं कुठून?

ब मधून. त्याचा वाफेचा सिलिंडर रटरटत होता, आणि नोंदी पाहिल्या तर तो कित्येक दिवस तसाच रटरटत होता. अ पुन्हा सुरू केल्यावर कोणीतरी त्याच्या ड्रेनच्या नळीखाली बादली ठेवली. तासाला पाच लिटर. ब च्या पाण्याच्या मीटरवरही तासाला पाच लिटर. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसं चाललं होतं: ब पाणी उकळून हवेत सोडायचं, अ तेच पाणी गार कॉइलवर पकडून गटारात सोडायचं.

पाच किलो वाफ करायला साधारण ३.६ किलोवॉट लागतात. तीच वाफ पुन्हा पाणी करायची तर अ च्या कंप्रेसरवर सुमारे ३.४ किलोवॉट उष्णता उपसण्याचा जादा भार. शिवाय पाणी पकडण्यासाठी हवा गरजेपेक्षा गार करावी लागते, म्हणून अ चा हीटर ती परत तापवतो, तो खर्च वेगळा. फक्त वाफेचा हिशेब केला तरी वर्षाला ३१,५०० युनिट वीज आणि जवळजवळ ४४,००० लिटर पाणी. मिळकत एकच, पडद्यावरची सरळ रेघ.

दोघांचंही खरं

सेन्सर बिघडला असणार, हे सगळ्यांच्या मनात आलं. दोन्ही सेन्सर तपासले, दोन्ही ठीक निघाले. अ ची आर्द्रता ५१ टक्के, ब ची ४५, आणि दोन्ही आकडे बरोबर.

कारण शाळेतलं आहे. सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेतल्या बाष्पाचं प्रमाण नव्हे. त्या तापमानाला हवा जेवढं बाष्प धरू शकते त्याच्या किती टक्के धरलं आहे, हे ती सांगते. ब च्या टोकाला सर्व्हरची गर्दी होती, तिथे हवा २४ अंशांवर परत यायची. अ च्या टोकाला २२ वर. संपृक्त बाष्पदाब २४ अंशांना सुमारे २.९८ किलोपास्कल, २२ अंशांना २.६४. हॉलमधला बाष्पदाब सगळीकडे एकच, १.३४. एकाला दुसऱ्याने भागा: ब ला ४५ टक्के दिसतात, अ ला जवळजवळ ५१. पाणी तेच, हवा तीच. दोन अंशांच्या फरकाने सहा टक्क्यांचा मतभेद.

४६ ते ५० या पट्टीत राहायचं असा हुकूम. ब म्हणतं हवा कोरडी आहे, वाफ सोडा. अ म्हणतं हवा दमट आहे, पाणी काढा. दोघं आपापल्या जागी प्रामाणिक.

खेळ सिद्धांतातले गतिमान खेळ, म्हणजे ज्यांत परिस्थिती आणि चाली वेळेबरोबर बदलत जातात ते, शिकवताना नेहमी दोन स्वार्थी खेळाडू घेतात. मला हे उदाहरण जास्त आवडतं, कारण इथे स्वार्थ कोणाचाच नाही. मालक एक, ध्येय एक, हुकुमाचा आकडाही एक. फक्त मोजायची जागा वेगळी. तेवढ्यावर सहकाऱ्यांचे प्रतिस्पर्धी झाले.

बेरीज आणि वजाबाकी

आता हेच थोडं गणितात मांडू. हॉलची सरासरी आर्द्रता ४८ पासून जितकी सरकली असेल तिला क्ष म्हणू. ही हॉलची अवस्था. ब ला स्वतःकडे ४८ दिसायला हवेत तर क्ष ला +३ व्हावं लागेल. अ ला हवे असतील तर −३. दोन टक्क्यांची मोकळीक तूर्त बाजूला ठेवू. ब चा जोर उ१, अ चा उ२. वाफ सोडणं अधिक, पाणी काढणं उणे. हॉल या दोघांना वेगळं ओळखत नाही. क्ष बदलण्याचा वेग म्हणजे उ१ + उ२, बस.

दोन्ही यंत्रांच्या नियंत्रणात, चुकीच्या प्रमाणात लगेच लागणाऱ्या जोराच्या जोडीला, इंटिग्रल भाग होता. इथे त्याच्याकडेच पाहू. इंटिग्रल म्हणजे चूक जोवर शिल्लक आहे तोवर जोर थोडा थोडा वाढवत न्यायचा. एकट्या यंत्रासाठी ही उत्तम युक्ती आहे, कारण चूक शून्य होईपर्यंत ते स्वस्थ बसत नाही. पण दोन यंत्रं एकाच अवस्थेवर बसवली की काय होतं पाहा. उ१ च्या वाढीचा वेग (३ − क्ष) च्या पटीत, उ२ चा (−३ − क्ष) च्या पटीत. दोन्ही मिळवले तर ३ आणि −३ एकमेकांना खातात आणि उरतं −२क्ष: प्रमाणी भागाने झोके शमवले की बेरीज गुणी बाळासारखी क्ष ला शून्यावर आणून ठेवते. एकातून दुसरं वजा केलं तर क्ष नाहीसा होतो आणि उरतो नुसता ६. वजाबाकी दर तासाला सारख्याच वेगाने वाढत जाते, क्ष काहीही असला तरी. ती थांबते ती यंत्राची मर्यादा आल्यावरच: ब चा सिलिंडर पूर्ण क्षमतेवर, अ ची कॉइल पूर्ण क्षमतेवर.

या प्रकरणात मला सांगायचं आहे ते हेच. हॉलला, आणि म्हणून हॉलमधल्या कुठल्याही सेन्सरला, फक्त बेरीज दिसते. भांडण वजाबाकीत असतं. आलेख सरळ होता कारण तो बेरजेचा होता, आणि बेरीज खरोखरच उत्तम चालली होती. असे कितीही सेन्सर हॉलमध्ये टांगले असते तरी हे सापडलं नसतं. सापडलं ते एक खेळाडू मैदानाबाहेर गेला तेव्हा. हजार घनमीटर हवेत एक टक्का आर्द्रता वाढवायला साधारण दोनशे ग्रॅम पाणी पुरतं. म्हणजे ब चा पाच किलोचा जोर तासाला चोवीस टक्क्यांचा होता आणि तेवढाच उलटा जोर त्याला दाबून धरत होता. दाब निघाला, पाव तासात सहा टक्के. ब ला स्वतःकडे ५० दिसल्यावर त्याने थांबायला हवं होतं, पण साठलेलं इंटिग्रल उतरायला वेळ लागतो, आणि उकळतं पाणीही बटण दाबल्या क्षणी गप्प बसत नाही.

यंत्रांना खेळाडू का म्हणायचं

इथे शंका येते. ह्युमिडिफायरला कुठे इच्छा असते? त्याला हरण्या-जिंकण्याचं काय? याचं एक चांगलं उत्तर नियंत्रणशास्त्रातले रुडॉल्फ काल्मन यांच्या कामातून मिळतं. १९६० मध्ये त्यांनी वर्गात्मक खर्च (चूक आणि जोर यांच्या वर्गांवरून मोजलेला) कमीत कमी करणारा रेषीय नियंत्रक कसा काढायचा ते मांडलं, आणि १९६४ मध्ये उलटा प्रश्न विचारला: समोर एक तयार नियंत्रक आहे, तो कुठल्या खर्चासाठी इष्टतम ठरतो? काही अटी पाळणाऱ्या नियंत्रकासाठी असा खर्च सापडतो. आपल्यासारख्या एका अवस्थेच्या साध्या प्रणालीत तर कुठलाही स्थिर प्रमाणी (चुकीच्या प्रमाणात जोर लावणारा) नियंत्रक कुठल्या ना कुठल्या खर्चासाठी इष्टतम असतोच. म्हणजे सेटपॉइंट (गाठायचा आकडा) आणि गेन (चुकीला किती जोराने उत्तर द्यायचं ते) बसवणारा तंत्रज्ञ नकळत यंत्राच्या हातात एक इच्छा आणि तिची तीव्रता देत असतो. खेळाडू म्हणायला तेवढं पुरे.

तर खेळ असा. ब चा दर क्षणाचा खर्च (क्ष − ३)² अधिक व × उ१². अ चा (क्ष + ३)² अधिक व × उ२². व म्हणजे जोर लावणं किती महाग आहे ते. खेळ अनंत काळ चालतो, म्हणून दीर्घकालीन सरासरी खर्च मोजू. दोघंही क्षणोक्षणी क्ष पाहून चाल ठरवतात, आणि समोरचाही तसंच करतो हे दोघांना ठाऊक आहे. जॉन नॅश यांनी १९५० मध्ये मांडलेला समतोल इथे शोधायचा: समोरच्याची रणनीती तशीच राहिली तर एकट्याने आपली बदलून काही फायदा होऊ नये.

छत्तीस

रिचर्ड बेलमन यांच्या पद्धतीने, म्हणजे 'इथून पुढचा सगळा खर्च' हे क्ष चं वर्गात्मक फलन मानून, दोघांची समीकरणं एकत्र सोडवली की उत्तर एका पानात बसतं. त्या फलनातल्या क्ष² च्या सहगुणकाला प म्हणू. क्ष² चे सहगुणक जुळवले की प² = व/३ मिळतं, क्ष चे जुळवले की ब चा डाव मिळतो:

उ१ = (९ − क्ष) ÷ √(३व)

अ चा डाव याचाच आरसा: उ२ = (−९ − क्ष) ÷ √(३व).

त्या ९ कडे नीट पाहा. ब ला हवे आहेत ३. पण समतोलात ते वागतं असं, जणू त्याला ९ हवे आहेत. अ ला −३ हवे आहेत, तेही −९ चा हट्ट धरतं. घासाघीस करताना समोरचा पाडून मागणार हे ठाऊक असलं की माणूस अव्वाच्या सव्वा सांगतो, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की इथे तो कोणाच्या स्वभावातून आलेला नाही, समीकरणातून आपोआप बाहेर पडला आहे. आणि मागणी फुगते बरोबर तिप्पट, व काहीही असला तरी.

शेवटी क्ष येऊन थांबतो शून्यावर, म्हणजे सरासरी ४८ वर. आलेख सरळ. त्या वेळी प्रत्येकाचा जोर ३ × √(३/व), एकाचा अधिक, दुसऱ्याचा उणे. प्रत्येकाचा खर्च किती? आर्द्रता मनासारखी नसल्याचे ९ आणि जोराचे २७. एकूण ३६.

मराठीत दोघांचं जमत नसेल तर त्यांच्यात छत्तीसचा आकडा आहे म्हणतात, ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून उभे असतात म्हणून. तीन हा फरक मी वाक्प्रचार जुळवायला निवडला नव्हता, हवेच्या तापमानातून आला. पण आला आहे तर राहू दे.

३६ हा आकडा कशाशी ताडायचा? दोघांनी समजून घेऊन हात खाली ठेवले असते, तर क्ष शून्यावरच राहिला असता आणि प्रत्येकाचा खर्च फक्त ९. म्हणजे भांडणाने खर्च चौपट केला आणि हॉलच्या हवेत तसूभरही फरक पडला नाही. आणि ब ने सपशेल शरणागती पत्करली असती, वाफ कायमची बंद केली असती आणि एकट्या उरलेल्या अ ने नव्याने इष्टतम डाव आखून क्ष −३ वर नेला असता तर? ब चा खर्च (−३ − ३)², म्हणजे पुन्हा ३६. अ चा शून्य. लढून जेवढा तोटा, शरण जाऊन तेवढाच. आणि लढण्यात दुसऱ्याचेही ३६ जातात ते वेगळे.

मग एखादा आपणहून का थांबत नाही? कारण समोरच्याने डाव बदलला नाही तर थांबणं फार महागात पडतं. ब थांबलं आणि अ आपला −९ चा जुना हट्ट तसाच धरून बसलं तर क्ष −९ वर जाईल आणि ब चा खर्च होईल १२², म्हणजे १४४. समतोल टिकतो तो याच भीतीवर.

आता व कडे येऊ, कारण व्यवहारात सगळे हात घालतात ते इथेच. समजा जोर लावणं स्वस्त केलं: मोठा ह्युमिडिफायर बसवला, कार्यक्षम कंप्रेसर आणला.

व = १२ असताना प्रत्येकाचा जोर १.५, जोराचा खर्च १२ × २.२५ = २७.
व = ३ असताना जोर ३, खर्च ३ × ९ = २७.
व = ०.७५ असताना जोर ६, खर्च ०.७५ × ३६ = २७.

यंत्र चांगलं झालं की भांडण वाढतं आणि खर्च तिथल्या तिथेच राहतो. सुधारणेचा सगळा फायदा रस्सीखेचीत जिरतो. व शून्याकडे नेला तर जोर अमर्याद वाढतो, समतोलच उरत नाही. उरते ती फक्त यंत्राची कमाल क्षमता, जी आपण बादलीने मोजली.

दूरचं पाहणारा जास्त भांडतो

आणखी एक मोह असतो: नियंत्रक हुशार करावा, त्याला पुढचं पाहून नियोजन करू द्यावं. म्हणून आता दुसऱ्या प्रकारचा खेळ घेऊ. दोघं सुरुवातीलाच पुढच्या ट तासांचा पूर्ण बेत कागदावर लिहून टाकतात. मध्ये क्ष काय झाला ते पाहून बदलत नाहीत. याला खुला लूप म्हणतात. १९५६ च्या सुमारास पोंट्र्यागिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेलं महत्तम तत्त्व लावलं की इथला समतोल दोन ओळींत निघतो. ब चा जोर सुरुवातीला ३ × ट ÷ व, आणि तिथून सरळ रेषेत उतरत ट व्या तासाला शून्य. अ चा त्याच्या उलट. क्ष पूर्ण वेळ शून्यावर.

सुरुवातीच्या जोरात ट सरळ गुणिला जातो. दुप्पट लांबचं पाहिलं तर जोरही दुप्पट. आणि दर पाच मिनिटांनी नवा बेत आखून त्याची फक्त पहिली चाल खेळायची, अशी आजकाल प्रचलित असलेली पद्धत दोघांनी घेतली, तर तो सुरुवातीचा कमाल जोर कायमचाच होऊन बसतो. एकट्या नियंत्रकासाठी दूरदृष्टी हा गुण आहे. दोघांत ती, मोजमापाचा फरक तसाच असेल तर, नुसती भांडणाची क्षमता.

क्ष पाहून खेळलेला समतोल आणि कागदावर लिहून खेळलेला समतोल वेगळे का निघतात, याचा मोठा धडा स्टार आणि हो यांनी १९६९ मध्ये दिला. एकच खेळाडू असेल आणि अनिश्चितता नसेल, तर दोन्ही पद्धतींनी तोच मार्ग मिळतो. इष्टतम नियंत्रण शिकून आलेल्या माणसाला त्यामुळे हा फरक किरकोळ वाटतो. खेळाडू दोन झाले की तो फरक मुख्य होतो. क्ष पाहून खेळताना मला ठाऊक असतं की मी क्ष जरा वर ढकलला तर समोरचा लगेच जास्त जोराने खाली ओढेल, म्हणून मी ढकलायला कचरतो. कागदावरच्या बेतात समोरचा प्रतिक्रिया देतच नाही, मग कचरायचं कशाला? म्हणून 'समतोल काढला' असं कोणी म्हणालं की मी पहिला प्रश्न विचारतो: कोणाला काय दिसतं आहे असं धरून?

काय काय करून पाहिलं

पहिला उपाय सगळ्यात स्वस्त: मोकळीक वाढवणं. ४८ च्या दोन्ही बाजूंना दोन टक्क्यांऐवजी चार. आता ४४ ते ५२ चालतं, ४५ आणि ५१ दोन्ही आत. दोन्ही यंत्रं गप्प. इथला नियम सोपा आहे: एका बाजूची मोकळीक मतभेदाच्या निम्म्यापेक्षा जास्त हवी, म्हणजे दोघांच्या समाधानाच्या पट्ट्या एकमेकींवर पडतात आणि क्ष त्या सामायिक भागात असेपर्यंत खेळायला कारणच राहत नाही. या क्षेत्रात मार्गदर्शक मर्यादा देणाऱ्या अमेरिकेतल्या ॲशरे या संस्थेने २००४ मध्ये ४० ते ५५ टक्के आर्द्रता सुचवली होती. २००८ मध्ये तिने पट्टा रुंद केला आणि मुख्यतः दवबिंदूच्या (हवा ज्या तापमानापर्यंत गार केली की तिच्यातलं पाणी सुटू लागतं त्याच्या) भाषेत, ५.५ ते १५ अंश असा, सांगितला. वीज वाचते ती बरीचशी अशा सैल सोडण्यातून.

पण मोकळीक वाढवून मतभेद मिटत नाही, झाकला जातो. हॉलमध्ये काही सर्व्हर इकडचे तिकडे झाले, दोन टोकांना २१ आणि २५ अंश झाले, की त्याच हवेची आर्द्रता एकीकडे ५४ आणि दुसरीकडे ४२ दिसते. ये रे माझ्या मागल्या.

दुसरा उपाय: आर्द्रतेचं काम फक्त ब कडे, अ ने त्यात पडायचं नाही. काहींनी याला स्टॅकेलबर्गचा नेता-अनुयायी खेळ म्हटलं, मला ते पटत नाही. १९३४ च्या त्या कल्पनेत नेता आधी चाल करतो आणि अनुयायी तिला आपलं उत्तर देतो. इथे अनुयायी उत्तरच देत नाही, तो प्रेक्षक झाला आहे. हा एका खेळाडूचा खेळ, म्हणजे शुद्ध इष्टतम नियंत्रण. चालतो छान, ब बंद पडेपर्यंत.

तिसरा उपाय मोजमाप बदलण्याचा. प्रत्येक यंत्राने आपलं तापमान आणि आर्द्रता यांवरून दवबिंदू काढायचा आणि त्यावर चालायचं. दवबिंदू हवेतल्या पाण्यावर ठरतो, हवा किती तापली आहे त्यावर नाही. २४ अंश आणि ४५ टक्के, २२ अंश आणि ५१ टक्के: दोन्हीचा दवबिंदू ११.३ च्या आसपास. सहा टक्क्यांचा मतभेद एका सूत्राने नाहीसा. या प्रकरणातला सगळ्यात मोठा फरक यानेच पडला आणि त्यात खेळ सिद्धांताचं काहीच नव्हतं, हे कबूल करायला हवं. किंवा असं म्हणू की खेळ सिद्धांताने दाखवलं की गेन, क्षमता आणि दूरदृष्टी यांच्याशी खेळून काही होणार नाही, फरक तेवढा कमी करा. खर्च फरकाच्या वर्गाच्या पटीत आहे. फरक एक तृतीयांश झाला तर ३६ चे ४ होतात.

तरीही फरक शून्य होत नाही. चांगल्या आर्द्रता सेन्सरलाही एकदोन टक्क्यांची चूक माफ असते. आणि इंटिग्रल असलेल्या दोन यंत्रांना फरक किती हे महत्त्वाचं नसतं. तो शून्य नाही एवढंच पुरतं. वजाबाकी हळू वाढेल, पण वाढेल. तासांऐवजी आठवड्यांनी का होईना, मर्यादेला जाऊन टेकेल.

वीजनिर्मितीवाल्यांना हे केव्हापासून ठाऊक आहे. दोन जनरेटर समांतर जोडून दोघांच्या गव्हर्नरना (वेग सांभाळणाऱ्या नियंत्रकांना) 'बरोबर ५० हर्ट्झ ठेवा' असं सांगितलं तर दोघांच्या ५० मध्ये केसाएवढा फरक असतोच, आणि एक सगळा भार ओढतो, दुसरा रिकामा होतो. म्हणून गव्हर्नरला मुद्दाम थोडी झुकण्याची मुभा देतात, त्याला ड्रूप म्हणतात. रिकामा ते पूर्ण भार यात वारंवारता पाच टक्के उतरू द्यायची, ५० हर्ट्झवर अडीच. अचूकतेचा हट्ट सोडला की भार आपोआप वाटला जातो. आमच्या हॉलमध्ये ड्रूप चाललं असतं, पण थोडी अचूकता गेली असती.

त्याऐवजी चौथा उपाय निवडला: दोन यंत्रांमध्ये एक तार. तारेतून आर्द्रता पाठवायची नाही, ती तर दोघांना दिसतेच. पाठवायचा तो स्वतःचा जोर. प्रत्येकाच्या इंटिग्रलमध्ये एक लहान पद जास्त: माझा जोर तुझ्यापेक्षा जितका जास्त, तितका मी हळूहळू उतरवीन. बेरजेत हे पद दोन्हीकडून येऊन कटतं, म्हणून सरासरी आर्द्रता पूर्वीइतकीच अचूक राहते. वजाबाकीत मात्र ते ब्रेकसारखं लागतं. ती आता अमर्याद वाढत नाही, एका छोट्या आकड्यावर थांबते. हॉल जे दाखवू शकत नव्हता तेवढंच तारेने दाखवलं.

समान ध्येय आणि वेगळी माहिती ही जोडी किती अवघड असते हे विट्सनहाउझेन यांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं: दोन निर्णय, एकच सामायिक खर्च, सगळं रेषीय आणि वर्गात्मक, आणि तरी सर्वोत्तम नियंत्रक रेषीय निघत नाही, कारण दुसऱ्याला पहिल्याइतकं दिसत नाही. त्या कोड्यापुढे आमचा हॉल म्हणजे पोरखेळ. पण तार ओढायची की नाही यावर खल चालला होता तेव्हा मला सारखं तेच आठवत होतं. अवघडपणा खर्चात नव्हता, दिसण्यात होता.

तार ओढल्यानंतर बादली पुन्हा ड्रेनखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी तळाशी बोटभर पाणी, तेही बहुधा दार उघडल्यावर बाहेरून आलेल्या हवेचं. ब चा सिलिंडर थंड. मोकळीकही आता चार टक्के ठेवली होती, त्यामुळे पडद्यावरचा आलेख दिवसभरात ४५ ते ५१ मध्ये सावकाश वरखाली व्हायला लागला. आठवड्याच्या आत रात्रपाळीच्या माणसाने नोंदवहीत लिहिलं: आर्द्रतेची रेघ पूर्वी सरळ असायची, आता हलते आहे, यंत्रं तपासून घ्यावीत.